दहापैकी आठ गुणांचा अर्ज

इंग्रजीचा क्लास चालवणारा माणूस दिवाळी अंकात लिहायला बसला की वाचणाऱ्याला वाटतं, आता हा आपल्या साहेब झालेल्या विद्यार्थ्यांची यादी काढणार. माझ्याकडे तशी यादी नाही. एक तलाठी आहे, दोघं बँकेत आहेत, चार-पाच जण पोलिसांत लागले. त्यांतला एक मला भर चौकात अडवून हेल्मेट कुठंय म्हणून विचारतो आणि मग ओळखून हसतो. बाकीचे कुठं गेले ते मला माहीत नाही. ज्या एकीचा पत्ता माहीत आहे, तिच्याविषयीच लिहायचं म्हणून हे लिहितोय. पण आधी धंदा काय होता ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसलो तर बायकोच्या नाकी नऊ आले. तिनंच सुचवलं, बारामतीत क्लास काढा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर एक खोली मिळाली. खाली दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळल्या जायच्या आणि वर मी पोरांच्या डोक्यात इंग्रजी गुंडाळायचो. खालच्याचं काम जास्त टिकायचं.

येणारी पोरं स्पर्धा परीक्षावाली. लिपिक, तलाठी, पोलीस, बँक, जे निघेल ते. सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडायचं, इंग्रजीच्या उताऱ्यापाशी. परीक्षेत एक उतारा देतात, खाली पाच प्रश्न असतात. पोरं उतारा बघूनच गार व्हायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरात इंग्रजीचा कागद म्हणजे औषधाची चिठ्ठी नाहीतर ट्रॅक्टरच्या लोनचा फॉर्म.

म्हणून मी बातम्या धरल्या. सकाळी स्टँडवर जाऊन दोन इंग्रजी पेपर घ्यायचे, त्यातली एक बातमी कात्रीनं कापायची, कोऱ्या कागदावर चिकटवायची, खाली हातानं पाच प्रश्न लिहायचे आणि झेरॉक्स काढायची. बातमी निवडण्यात माझा हात कुणी धरला नसता. क्रिकेट नको, सिनेमा नको. मला सगळ्यात लाडक्या होत्या त्या गावाकडच्या मजुरांच्या, रेशनच्या, रोजगार हमीच्या बातम्या. एक तर परीक्षा काढणाऱ्यांना त्या आवडतात. दुसरं म्हणजे त्यातले शब्द. ‘बेनिफिशिअरी’, ‘एंटायटलमेंट’, ‘वेजेस’, ‘ड्राउट’. फळ्यावर असे दहा शब्द लिहायचे आणि एकेकाला गावात नेऊन उभं करायचं. बेनिफिशिअरी म्हणजे लाभार्थी. लाभार्थी म्हणजे कोण? तुझी आजी रेशनच्या रांगेत अंगठा उठत नाही म्हणून बोट पदराला पुसते ना, ती. असं सांगितलं की शब्द विसरत नाहीत. ही माझी युक्ती होती आणि मला तिचा अभिमान होता. अजून थोडा आहे.

पण या पोरांची एक खोड होती. त्यांना विषयच जास्त माहीत असायचा. बातमीत लिहिलेलं असायचं, नव्या रस्त्याचं गावकऱ्यांनी स्वागत केलं. प्रश्न, गावकऱ्यांनी स्वागत केलं, खरं की खोटं? अर्धा वर्ग लिहायचा, खोटं. का रे बाबांनो? तर म्हणे, “सर, रस्त्यात आमची दोन गुंठं गेली, आमी कुठं स्वागत केलं?” आता यांना काय म्हणावं! म्हणून मी दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘उताऱ्यात आहे तेवढंच.’ गावातलं, घरातलं, ऐकलेलं, भोगलेलं सगळं चपलांबरोबर बाहेर ठेवायचं. जो स्वतःच्या डोक्यातून उत्तर लिहील त्याला शून्य. परीक्षेसाठी हा नियम योग्यच होता आणि आजही मी तोच सांगेन. पण मी तो फार जोरात सांगायचो. माझा आवाज खालच्या दुकानात जायचा.

हा नियम फक्त एकाच माणसानं कधी मानला नाही. कन्हेरीचे तात्या, वय पासष्टच्या पुढं, द्राक्षबागायतदार. बागेचा माल बाहेरदेशी जायचा, त्याचे कागद इंग्रजीत यायचे, औषधाच्या डब्यावरचं इंग्रजीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मला बोलायचं न्हाय, सर. नुसतं कळलं पायजे. कोण काय लिवून घेतंय ते.” पोरांच्यात मागच्या बाकावर बसायचे, चष्मा नाकावर, धोतर सावरून. एकदा रोजगार हमीची बातमी होती. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, अशा अर्थाची. मी उतारा वाचला, प्रश्न वाचले. तात्यांनी हात वर केला.

“सर, ह्ये खरं हाय का?”

“तात्या, खरं-खोटं विचारायचं नाही. उताऱ्यात काय आहे ते सांगायचं.”

“मग वाचायचं कशाला?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा प्रश्न घेतला. शिकवताना असं होतंच, एकेका बोलण्यापाशी थांबत बसलं तर तास पुरायचा नाही.

त्याच वर्षी सारिका आली. कळंबच्या पलीकडं एक वस्ती आहे, तिथली. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चोवीस वर्षांची, बाहेरून बी. ए. केलेली, वडील नाहीत. तिला घेऊन तिची आई आली होती, हौसाबाई. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, हाताला मुरमाचे घट्टे. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“सर, आमच्याकडं येकच वरीस हाय. हिचा चुलता म्हंतो, शिकली तेवढं बास. लगीन न्हायतर कंपनी, काय ते ठरवा. मी म्हणलं, पावसाळ्याच्या तोंडाची परीक्षा होऊ द्या. तवर मी गावात कामाला जाती, कुणाच्या दारात जात न्हाय.”

“काम कसलं?”

“रोजगार हमीचं. बांध, खड्डं, मुरूम. गावातच असतं. मी कामाला हाय तवर हिला कोण काय बोलत न्हाय. माझं काम बंद पडलं की मग बोलायला लागतील.”

हिशेब असा सरळ होता आणि तो मला पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलेला होता. आईला गावात काम आहे तोवर पोरगी शिकेल. काम थांबलं की शिकणं थांबेल. मला कळला नव्हता असं मी म्हणू शकत नाही. मी मान हलवली, “बरं बरं, काळजी करू नका” म्हणालो आणि सारिकाला वेळापत्रक दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सारिका बारामतीत मावशीकडं राहायची आणि रविवारी गावी जायची. पोरगी शांत, पण डोकं चालायचं. पहिले दोन आठवडे तिचेही उतारे चुकायचे, त्याच खोडीनं. रोजगार हमीच्या एका बातमीत प्रश्न होता, मजुरांना कामाच्या जागी कोणकोणत्या सोयी मिळतात? उताऱ्यात लिहिलं होतं, सावली, पिण्याचं पाणी, औषधाची पेटी. तिनं लिहिलं, पाणी घरून न्यावं लागतं. मी वर्गात तिचा कागद वर धरला आणि म्हणालो, “ही बघा, पुन्हा घरून पाणी आणलं हिनं. शून्य.” सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिचं एकदाही चुकलं नाही. महिन्याभरात पाचपैकी पाच पडायला लागले. मी तिला दाखला म्हणून दुसऱ्यांना दाखवायचो. तात्या मला एकदा जिन्यात म्हणाले, “पोरगी हुशार हाय, पर गप झाली, सर.” मी म्हणालो, अभ्यासाला लागली की पोरं गप होतातच.

उन्हाळा लागला. परीक्षेत उताऱ्याबरोबर पत्रलेखनही असतं, म्हणून मी ते सुरू केलं. पहिलाच विषय रोजगार हमीचा दिला, कारण शब्द फळ्यावर तयारच होते. ‘तुम्ही एका खेड्यातील मजूर आहात असे समजा. काम मागूनही तुम्हाला मिळालेले नाही. गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहा.’ बावीस जणांनी लिहिलं. दुपारी वर्ग रिकामा असताना मी लाल पेन घेऊन तपासायला बसलो. ज्यांनी असलं काम केलेलं नाही त्यांना सांगतो, बावीस पत्रं तपासणं म्हणजे एकच पत्र बावीस वेळा तपासणं. सगळ्यांचा मजूर रमेश पाटील, गाव अबक, तालुका कखग. सगळ्यांना काम नाही आणि सगळे अधिकाऱ्यांचे नम्र आभारी.

त्या बाविसांत एकच पत्र वेगळं होतं. सारिकाचं. इंग्रजीत होतं, मी इथं मराठीत सांगतो. तिनं लिहिलं होतं की अर्जदार बाई विधवा आहे, वय अठ्ठेचाळीस. तिच्याकडं जॉब कार्ड आहे. ती भावाच्या मयताला गेली आणि तिथं बारा दिवस राहिली. तेवढ्यात गावात याद्या तपासल्या गेल्या आणि गाव सोडून गेली म्हणून तिचं नाव उडवलं. आता ती तोंडी काम मागायला गेली की सांगतात, यादीत तुमचं नाव नाही. पुढं लिहिलं होतं, ‘ती कुठेही गेलेली नाही. ती इथेच आहे.’ आणि शेवटी, तिच्या कामावर तिच्या मुलीचं शिक्षण अवलंबून आहे. खाली अर्जदाराचं नाव, हौसाबाई. गाव खरं. पत्ता खरा.

मी ते पत्र पूर्ण वाचलं. नाव वाचलं. बाईला मी या डोळ्यांनी पाहिलं होतं, चौकटीला टेकून उभी असलेली. आणि माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते असं की वा, पोरीनं आईचं नाव घालून छान जिवंतपणा आणलाय. ‘ती इथेच आहे’ या वाक्यावर मी लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘तीच गोष्ट दोनदा. पाल्हाळ टाळा.’ खाली दहापैकी आठ, ‘छान’, आणि माझी लांबलचक सही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणालो, “याला म्हणतात कल्पना करणं. तुमचे सगळ्यांचे रमेश पाटील मेलेले आहेत. हिची बाई बघा कशी चालते-बोलते.” पोरं वळून सारिकाकडं बघायला लागली. ती खाली बघत होती. मला वाटलं, कौतुकानं लाजली.

पुढचं मला मागाहून कळलं, पण क्रमानं सांगतो.

त्या रविवारी सारिका गावी गेली. आईनं तिच्या पिशवीतला कागद बघितला. हौसाबाईंना वाचता येत नाही, पण लाल शाई आणि सही कळते. त्यांनी विचारलं, ह्ये काय? सारिका म्हणाली, तुझ्या कामाचा अर्ज लिवलाय, सरांनी तपासलाय. मग आईनं सगळा वाचून घेतला, आणि शेजारी ठेवलेली बातमीची झेरॉक्सही वाचून घेतली, त्यातलं ते पंधरा दिवसांचं. सारिका संध्याकाळच्या एसटीनं बारामतीला परतली. कागद आईनं ठेवून घेतला. सोमवारी सकाळी हौसाबाई तो घेऊन ग्रामपंचायतीच्या ऑफिसात गेल्या आणि तिथल्या माणसाच्या टेबलावर ठेवला.

त्या माणसालाही मी फार दोष देत नाही. त्यानं कागद उलटसुलट बघितला. इंग्रजी मजकूर, लाल खुणा, दहापैकी आठ. तो म्हणाला, “हुशार हाय की पोरगी.” आणि कागद बाजूला ठेवला. त्याला वाटलं, बाई पोरीचे मार्क दाखवायला आली. हौसाबाईंना वाटलं, अर्ज घेतला. पोच मागायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या उताऱ्यात नव्हतं.

मग त्या दिवस मोजायला लागल्या.

मध्यंतरी डाळिंबाच्या कामाची एक टोळी शेजारच्या तालुक्यात महिनाभरासाठी निघाली. मुकादम ओळखीचा, हौसाबाईंना घ्यायला घरी आला. त्या गेल्या असत्या तर परीक्षेपर्यंतचं निभलं असतं. त्या गेल्या नाहीत.

हे सगळं घडत होतं तेव्हा मी बारामतीत ‘उताऱ्यात आहे तेवढंच’ म्हणत होतो. एके सोमवारी सारिका आली नाही. मंगळवारी नाही. आठवडा गेला. मावशीच्या घरी निरोप पाठवला तर कळलं, ती गावी आहे, येणार नाही. मला राग आला. शिकवलेलं अर्ध्यावर टाकून जाणारी पोरं मला आवडत नाहीत. वर्गात मी तिचं नाव घेऊन बोललोसुद्धा, की हुशारी असून उपयोग काय, चिकाटी नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असंही म्हणालो. मागच्या बाकावरून तात्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

नंतर कधीतरी, परीक्षा दहा-बारा दिवसांवर आलेली असताना, दुपारी हौसाबाई जिना चढून आल्या. एकट्याच. खुर्चीवर बसल्या या वेळी, कारण गुडघे दुखत होते. पदराच्या आतून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून तो कागद काढला आणि माझ्यापुढं उलगडून ठेवला.

“सर, ह्याचं पंधरा दिस कवाच झालं. मी परत गेलती तर त्यानं माघारी दिला. म्हंतो, ह्यो शाळंचा पेपर हाय. म्या म्हणलं, आसं कसं, सरांची सही हाय ह्याच्यावर. तुमीच बगा, तुमचीच हाय न्हवं?”

मी बघितलं. माझीच होती.

“हौसाबाई, हा सरावाचा कागद आहे. मी पोरांना लिहायला दिला होता. हा अर्ज नाही.”

“पर ह्याच्यात समदं खरं लिवलंय की. तुमी वाचलं न्हवतं?”

“वाचलं होतं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, की वाचलं म्हणजे मग नेमकं काय केलं. मी विषय बदलला, आणि त्यात आणखी अडकलो.

“मग तोवर दुसरीकडं कुठं कामाला का गेला नाहीत?”

“डाळिंबाची टोळी न्यायला आलती, पर कशी जाणार? नाव का उडवलं, तर बाई गाव सोडून गेली म्हणून. आता अर्ज दिल्यावर परत गेले आन् कोण बगाय आलं, तर म्हंतील, बगा, न्हायच ती. म्हणून मी हाललेच न्हाय. बाजाराला बी गेले न्हाय दोन आठवडं. दारातच बसून व्हते.”

सारिका कुठं आहे, विचारलं. एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत, पॅकिंगला. चुलत्यानं लावून दिलं. “म्हणला, तुझं काम बंद पडलंय, आता बोलू नगंस.” असं त्या म्हणाल्या आणि कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवायला लागल्या. मी म्हणालो, राहू द्या माझ्याकडं. त्या म्हणाल्या, “नगं, तिच्या अक्षरातला हाय.”

मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. वर्गाला चार दिवस सुट्टी दिली, स्कूटर काढली आणि हौसाबाईंबरोबर ऑफिसात गेलो. साध्या मराठीत दहा ओळींचा अर्ज लिहिला, अंगठा घेतला, तारखेसह पोच घेतली. जॉब कार्ड, आधार, राहत असल्याचा दाखला, सगळं जोडलं. तालुक्याला दोन चकरा मारल्या. तिथं एका साहेबानं मला विचारलं, “तुम्ही बाईंचे कोण?” मी म्हणालो, तिच्या मुलीचा शिक्षक. तो म्हणाला, “मग आधी का नाही आलात?” त्यानं सहज विचारलं होतं. मी पोच त्याच्यापुढं सरकवली. नाव यादीत परत लागलं. त्याला अर्जापासून तीन आठवडे लागले. एवढं सोपं होतं ते, हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

दरम्यान परीक्षा होऊन गेली. केंद्र बारामतीतच होतं. सारिकाचं हॉल तिकीट मी छापून घेतलं होतं, तिचा नंबर मला ठाऊक होता. रविवार होता तरी कंपनीत त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. नवीन माणसाला मिळत नाही. परीक्षेला उतारा कशावर आला होता ते मी नंतर पोरांना विचारलं. दुष्काळी गावातल्या मजुरांवर होता. पोरं खूश होती, सोपा गेला म्हणाली.

पाऊस सुरू झाल्यावर हौसाबाईंना झाडांसाठी खड्डे खणायचं काम मिळालं. त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून मला कळवलं, “लागलं काम, सर. तुमचं लई उपकार झालं.” मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत गेलो. माझ्या मनात होतं, आता आईला काम लागलं, म्हणजे अडचण संपली, पोरीला परत आणायचं. पुढच्या वर्षीही परीक्षा निघेल. शिक्षकाला असलं सुचतं. चूक सापडली की खोडून बरोबर लिहायचं, आणि पूर्ण गुण द्यायचे.

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते. गेटातून मोटरसायकली सुटतात, पाच मिनिटं रस्ता दिसत नाही. त्या पांगल्यावर पायी जाणाऱ्या बायका बाहेर येतात. सारिका त्यांच्यात होती. डोक्यावरची कागदी टोपी हातात घेऊन चालली होती. मला बघून थांबली, मैत्रिणींना पुढं जा म्हणाली. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. तिचे हात गारठ्यानं पांढरे पडले होते. आत थंडी असते, म्हणाली, सवय होते.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. परत ये. रविवारी ये, तुझ्या सुट्टीला ये, मी एकटीला शिकवीन. आईचं काम लागलंय.

“व्हय सर, आई म्हणाली. तुम्ही किती फेऱ्या मारल्या ते पण म्हणाली.” मग म्हणाली, “माझं जमवलंय सर, चुलत्यांनी. दिवाळीनंतर हाय.”

“तुला पसंत आहे?”

“माणूस बरा हाय म्हणतात.”

चहा संपला होता तरी आम्ही दोघं ग्लास धरून उभे होतो. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. त्या वेळी राग माझा माझ्यावरच होता, पण आवाजात तो तिच्यावर असल्यासारखा आला. “अगं, मग मला सांगितलं का नाहीस? पत्र तू माझ्या हातात दिलंस. मी तुला रोज भेटत होतो. एक शब्द बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आईबरोबर गेलो असतो.”

“सांगायचंच होतं सर. म्हणून तर लिहिलं तसं. तोंडानं कसं सांगायचं, असं वाटत होतं. म्हटलं, सर वाचतील आणि इचारतील.” ती टोपीची घडी घालत होती. “तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत, त्या दिवशी सगळे गेल्यावर मी मागं थांबले होते. तुम्ही फळा पुसत होता. दुसऱ्या दिवशीपण थांबले. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता इचारणार.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात, सारिका, जाताना पंखा बंद कर.”

मी ग्लास टपरीवर ठेवला. ती म्हणाली, “मग मी पंखा बंद केला आणि गेले.”

मैत्रिणी कोपऱ्यावर तिची वाट बघत थांबल्या होत्या. तिनं वाकून मला नमस्कार केला आणि गेली. मी खूप आठवून बघितलं, तिथं टपरीवर आणि नंतरही. वर्गातली तिची जागा आठवते, अक्षर आठवतं, पत्रातली वाक्यं जशीच्या तशी आठवतात. ती दोन दिवस मागं थांबली होती, हे मात्र मला आठवत नाही.